फ्रेंच शिकताय? मग मराठी सोबत असू द्या

नवशिक्यांनी फ्रेंचबद्दलचे प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, आणि पत्रं आली ती सातवी-आठवीच्या मुलांच्या आयांपासून निवृत्त आजीपर्यंत सगळ्यांची, फार बरं वाटलं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत. एक सोय आधीच सांगते. फ्रेंच शब्द मी इथे देवनागरीतच लिहिलेत, चंद्रबिंदू दिसला की स्वर नाकातून काढायचा, ज खाली टिंब असेल तर तो 'ज़रा'तला ज, आणि 'झ' कसा म्हणायचा ते पहिल्याच उत्तरात आहे.

प्रश्न : मुलीने आठवीला फ्रेंच घेतलंय, घरात कुणालाच येत नाही. ती पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवते, बॉनजोर (नमस्कार), मर्सी (आभार), कोमान टाले वू (कसे आहात) असं. हे चालेल का? की सवय मोडायची? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, मोडू नका, पण नीट लिहायला शिकवा. देवनागरी ही उच्चाराला धरून चालणारी लिपी आहे आणि इंग्रजी अक्षरांपेक्षा ती फ्रेंचच्या पुष्कळ जवळ जाते. फक्त मुलगी आत्ता जे लिहितेय ते इंग्रजी कानाने ऐकून लिहितेय, तिथे गडबड होतेय.

पहिली गोष्ट 'टाले' नाही, 'ताले'. फ्रेंचमध्ये ट आणि ड नाहीतच! जीभ दातांना लागते, अगदी आपल्या त आणि द सारखी. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हा त आणायला वेळ लागतो, आपल्याला तो जन्मापासून येतो, तरी आपली मुलं शाळेत 'टु', 'मॅडम' करत बसतात कारण डोक्यात इंग्रजी चालू असतं. तिला एवढंच सांगा की पुस्तकात टी दिसला की त, डी दिसला की द, म्हणजे मादाम. या एका बदलाने निम्मा उच्चार सुधारतो, हे मी वर्गात दरवर्षी बघते.

दुसरं नाकातले स्वर. 'बॉन' नाही, 'बोँ'. शेवटी न म्हणायचाच नाही, जीभ टाळूला लागलीच नाही पाहिजे, 'ओ' म्हणता म्हणता थोडी हवा नाकातून सोडायची. तिला हे तीन शब्द एकापाठोपाठ म्हणायला सांगा: बॅँ म्हणजे आंघोळ, बाँ म्हणजे बाकडं, बोँ म्हणजे चांगलं. तिन्हीत न म्हटला तरी चालेल असं वाटतं पण मग ऐकणाऱ्याला नेमका स्वरच कळत नाही. आरशासमोर जरा तोंड उघडं ठेवून म्हणायचं, शेवटी तोंड मिटलं किंवा जीभ वर गेली तर पुन्हा.

तिसरा तो झ. बोँझूर मधला झ आपल्या झाडातलाही नाही आणि झऱ्यातलाही नाही. 'श' म्हणा, लांबवा, शशशश, आणि ते चालू असतानाच गळ्यातून आवाज सोडा, घशावर बोटं ठेवलीत तर थरथर जाणवेल, तोच तो. इंग्रजीत प्लेझर, व्हिजन या शब्दांच्या मध्ये येतो.

आता जिथे देवनागरी हात टेकते ती जागा. फ्रेंचमध्ये यू या अक्षराचा एक स्वर आहे जो मराठीत नाहीच. तोंडाच्या आत 'ई' म्हणायची आणि बाहेर ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे, जीभ हलवायची नाही. मी तो 'यु' असा लिहितेय पण य म्हणायचा नाहीये. हा स्वर महत्त्वाचा का, तर फ्रेंचमध्ये 'तू' हा शब्द 'त्यु' असा आहे, आणि आपण साधं मराठी 'तू' म्हटलं की त्यांना 'सगळं' असा अर्थ ऐकू येतो. तसंच दस्यु म्हणजे वर आणि दसू म्हणजे खाली. सामान वर ठेवू की खाली एवढा फरक त्या एका स्वरावर!

आणि र. तो घशातून येतो, उर्दू जाणणारे लोक गझल मधला ग जसा म्हणतात त्याच्या जवळ. गुळणी करतो तिथली जागा. पण खरं सांगू, पहिल्या वर्षात र साठी मुलीला त्रास देऊ नका. आपला जिभेचा र म्हटला तरी फ्रेंच माणसाला समजतो, त्यांच्याकडेच काही भागांत जुनी माणसं तसा बोलत आली आहेत. 'त्यु' आणि 'तू' यांची गल्लत झाली तर मात्र अर्थ बदलतो. आधी स्वर, मग र.

तर लिहू दे तिला डोक्यावर देवनागरी, पण दोन-तीन महिनेच. एकदा ऐकून कान तयार झाला की नवीन धड्यावर लिहायचं नाही, जुन्यावरचं खोडायचंही नाही. आणि लिहायच्या आधी ऐकायचं, हे सगळ्यात आधी. ऑडिओ तीनदा ऐकून, स्वतः म्हणून, मग लिहायचं.

प्रश्न : मी मालवणचा, पुण्यात फ्रेंच क्लासला जातो. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझे नाकातले उच्चार सहज येतात. याचा मालवणीशी काही संबंध असेल का? (विद्यार्थी)

उत्तर : आहे की! कोकणी-मालवणीत नाकातले स्वर अजून जिवंत आहेत, कोकणीतलं 'हांव' (मी) म्हणताना न किंवा म म्हणत नाहीत, स्वरच नाकातून काढतात. देशावरच्या मराठीतून ते बहुतेक गेले, पोरं, झाडं मधल्या टिंबाचा आता नुसता लांब अ उरलाय. पूर्वी आपण नांव, गांव, पांच, कांहीं असं टिंब देऊन लिहायचो, तुझ्या आजोबांच्या पत्रांत सापडेल, तो त्या जुन्या नाकातल्या उच्चाराचाच माग होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी ती न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. तेव्हा घरची बोली क्लासमध्ये लपवू नकोस, उलट तिथूनच घे.

प्रश्न : फ्रेंचमध्ये लिहितात सात अक्षरं आणि बोलतात दोन. शेवटची अक्षरं म्हणायचीच नसतील तर लिहितात कशाला? शिवाय कधीकधी तीच अक्षरं अचानक म्हणतातही. काही नियम आहे की नुसतं पाठ करायचं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तू बहुतेक 'वाज़ो' या शब्दाला वैतागलायस, म्हणजे पक्षी, अनेकवचन, ओ आय एस ई ए यू एक्स. सात अक्षरं आणि उच्चारात वा आणि ज़ो. पण बघ, यात गोंधळ कुठेच नाहीये. ओ-आय एकत्र आले की 'वा' होतो (म्वा म्हणजे मी, त्र्वा म्हणजे तीन), ई-ए-यू एकत्र आले की 'ओ' होतो (बो म्हणजे देखणा, बातो म्हणजे होडी), दोन स्वरांमधला एकटा एस 'ज़' होतो. हे अनेकवचनाचं एक्स गप्प बसतं. इंग्रजीत स्पेलिंगवरून उच्चार सांगता येत नाही, फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा येतो, फक्त उलट दिशेने, म्हणजे उच्चारावरून स्पेलिंग, ते अवघड. म्हणून वाचायला आधी शिक, शुद्धलेखन नंतर.

लिहितात कशाला, तर ती अक्षरं एकेकाळी बोलली जायची. बोलणं पुढे गेलं, लिखाण मागे राहिलं. आपण वरच्या उत्तरातली टिंबं काढून टाकली, त्यांनी त्यांची अक्षरं ठेवली एवढाच फरक. आणि शेवटचा टी न म्हणणं तुला नवीन नाहीये, एसटीचा डेपो रोज म्हणतोस ना? इंग्रजीत लिहिताना त्याला शेवटी टी असतो, फ्रेंच शब्द आहे तो, देपो. बुफे, बुके हेही तसेच.

ढोबळ नियम असा की शेवटचं व्यंजन म्हणायचं नाही. त्यातल्या त्यात सी, आर, एफ, एल ही चार शेवटी आली तर बऱ्याचदा म्हणतात: साक (पिशवी), मॅर (समुद्र), शेफ, आव्रील (एप्रिल). पण यातला आर क्रियापदाच्या मूळ रूपात ई-आर असा आला की गप्प, पार्ले म्हणजे बोलणे. अपवाद आहेत, ताबा म्हणजे तंबाखू, त्यातला सी म्हणत नाहीत. अपवाद भेटतील तसे घे.

आता 'अचानक म्हणतात' ते. ते अचानक नाहीये, तो संधी आहे रे! शाळेत शिकलास ना, जगत् अधिक ईश जगदीश, पुढे स्वर आला म्हणून मागचं व्यंजन जागं झालं आणि बदललंही. तसंच 'ले' म्हणजे इंग्रजीतल्या 'द'चं अनेकवचन, त्यातला एस एरवी झोपलेला, पण पुढे आमी (मित्र) आला की ले ज़ामी. वू म्हणजे तुम्ही, आव्हे म्हणजे आहे तुमच्याकडे, एकत्र आले की वू ज़ाव्हे. कोमाँ ताले वू मधला त सुद्धा असाच मधून आलेला. आपल्याकडे संधी लिहितात, त्यांच्याकडे फक्त बोलतात. काही शब्दांपुढे मात्र तो करायचा नाही, एरो म्हणजे नायक हा त्यातला एक, ले एरो असंच म्हणायचं, जोडून ले ज़ेरो म्हटलं तर नायकांचे शून्य होतात.

याचा फायदाही बघ. 'बोलणे' या क्रियापदाची वर्तमानकाळात सहा रूपं, त्यातली चार लिहायला वेगळी दिसली तरी कानाला एकच, पार्ल. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात, सगळ्यांना पार्ल. उरली दोन, पार्लोँ (आपण बोलतो) आणि पार्ले (तुम्ही बोलता), आणि हा पार्ले अगदी आपल्या विलेपार्ल्यातला, लक्षात ठेवायला वेगळं काही नको. मराठी शिकणाऱ्याला बोलतो, बोलते, बोलतोस, बोलतेस एवढं सगळं सांभाळावं लागतं.

प्रश्न : मी वाक्य आधी इंग्रजीत बनवतो मग फ्रेंच करतो, आणि मॅडम प्रत्येक वेळी लाल रेघ मारतात. 'मी वीस वर्षांचा आहे' आणि 'मला भूक लागली' ही दोन्ही चुकली. कुठे चुकतंय? (बी.कॉम., सोलापूर)

उत्तर : इंग्रजीतून जातोयस तिथेच चुकतंय, आणि हे मला या सदरात सगळ्यात मनापासून सांगायचंय. मराठी माणसाने फ्रेंचला जाताना इंग्रजीच्या स्टेशनावर उतरून गाडी बदलू नये. इंग्रजीत 'मी भुकेला आहे' असं म्हणतात, म्हणून तू झ स्वी लिहिलंस, झ स्वी म्हणजे मी आहे. फ्रेंच माणूस म्हणतो झे फॅँ, शब्दशः माझ्याकडे भूक आहे. आता मराठीत बघ, 'मला भूक आहे' हे किती जवळ आलं!

तेव्हा असं कर, वहीत दोन रकाने पाड. मराठीत 'मला अमुक आहे' किंवा 'माझ्याकडे अमुक आहे' असं म्हणता येत असेल तर झे. मला एक भाऊ आहे, झे अँ फ्रॅर. मला तहान आहे, झे स्वाफ. मला ताप आहे, झे द ला फियेव्र. थंडी वाजतेय, झे फ्र्वा. वयसुद्धा यातच, झे वॅँ ताँ, मला वीस वर्षं आहेत, मराठीत असं म्हणत नाही पण रचना ओळखीची आहे. आणि मराठीत 'मी अमुक आहे' असेल तर झ स्वी, मी दमलोय, मी विद्यार्थी आहे. इथे अजून एक गंमत बघ, इंग्रजीत 'एक विद्यार्थी' असा तो छोटा शब्द लावावाच लागतो, फ्रेंचमध्ये व्यवसाय सांगताना लावत नाहीत, झ स्वी एत्युद्याँ, बस. मराठीत आपण तरी कुठे 'मी एक विद्यार्थी आहे' म्हणतो?

पुढे 'मला तुझी आठवण येते' शिकशील. फ्रेंचमध्ये ते त्यु म माँक, म्हणजे तू मला उणा पडतोस. इंग्रजीतून येणारा यात कर्ता-कर्म उलटं करून बसतो, आपल्याला मराठीत 'मला तुझी उणीव भासते' म्हणायची सवयच आहे. सगळीकडे जुळेल असं नाही, मला चहा आवडतो याला फ्रेंच माणूस इंग्रजीसारखंच 'मी चहा पसंत करतो' म्हणतो, झेम ल ते. पण आधी मराठीला विचारायचं, मग दुसरीकडे बघायचं.

प्रश्न : टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी हे कशावरून ठरवतात? वस्तूंना लिंग असतं हे पटतच नाही. (कोल्हापूर)

उत्तर : पटत नाही? अहो, तुम्ही सकाळपासून तेच करताय. ती बस आली, तो मोबाइल वाजला, ते टेबल हलतंय. बस इंग्रजीतून आली तेव्हा तिच्यावर 'ती' असं लिहिलेलं नव्हतं, आपण सगळ्यांनी मिळून म्हणत म्हणत ठरवलं. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं होती, फ्रेंचमध्ये येताना नपुंसकलिंग संपलं आणि त्यातले बरेचसे शब्द पुल्लिंगात गेले. आपण संस्कृतची तिन्ही टिकवली, हिंदीनेही एक सोडलं. म्हणजे तुम्हाला तीनची सवय आहे, इथे दोनच आहेत.

मराठीवरून अंदाज करायला मात्र जाऊ नका, इथे मी उलटं सांगतेय. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी पण चंद्र तिकडे ती, ला ल्युन. घर ती, दार ती, फूल ती, झाड तो. शेवटावरून कळतं ते जास्त कामाचं. सियोँ ने संपणारे (स्तासियोँ, नासियोँ) जवळजवळ सगळे ती. माँ ने संपणारे मोठे शब्द (आपार्तमाँ) तो. आझ ने संपणारे बहुतेक तो, गाराझ, व्हिलाझ, पण पाझ (पान), इमाझ (चित्र), प्लाझ (समुद्रकिनारा) या तिघी ती, हे अपवाद पहिल्याच दिवशी पाठ करा कारण रोज लागतात.

आणि नवीन शब्द कधीही एकटा पाठ करू नका. अँ किंवा युन लावूनच, अँ म्हणजे एक (तो), युन म्हणजे एक (ती). ल आणि ला (इंग्रजीतला 'द', तो आणि ती) लावून पाठ करायला सांगतात पण पुढे स्वर आला की दोन्हीचं नुसतं ल् उरतं, पाणी म्हणजे लो, आता यावरून तो की ती कसं कळणार? (ती आहे.) विशेषणाचं तर तुम्हाला सांगायलाच नको, छोटा-छोटी-छोटं तोंडात बसलेलं आहे, तिकडे प्ती आणि प्तीत. आणि आपला 'लाल' जसा कुणापुढे बदलत नाही तसा त्यांचा रूझ पण लिंगाप्रमाणे बदलत नाही.

प्रश्न : एकोणसत्तरपर्यंत आकडे पाठ झाले, सत्तरला गाडी अडली. साठ-दहा, चार-वीस हे काय आहे? (पुणे)

उत्तर : विसाने मोजणं आहे. स्वासाँत दीस म्हणजे साठ आणि दहा, सत्तर. कात्र वॅँ म्हणजे चार विसा, ऐंशी. कात्र वॅँ दीस, चार विसा नि दहा, नव्वद. आपल्याकडेही जुनी माणसं विसाच्या हिशोबात बोलायची, आणि कोडी म्हणजे वीस नग हा शब्द तर अजून कानावर येतो. फ्रान्समध्ये हे पूर्वी आणखी पसरलेलं होतं, पॅरिसमध्ये कॅँज़ वॅँ नावाचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, पंधरा-विसा, म्हणजे तीनशे. तेराव्या शतकात नववा लुई राजाने तीनशे अंध लोकांच्या आसऱ्यासाठी ते उभारलं म्हणून ते नाव. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत असे सरळ शब्द आहेत, तुम्ही ते म्हटलेत तरी फ्रान्समध्ये समजतं, पण ऐकायची तयारी साठ-दहाचीच हवी.

आणि आपण तक्रार करायची नाही हो. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हे आपण लहानपणी गिळलंय. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, फ्रेंचमध्ये बावीसला वीस दोनच म्हणतात.

सराव कसा करायचा ते महत्त्वाचं, कारण तिकडे फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात, म्हणजे नव्व्याण्णवपर्यंतचं सगळं पहिल्याच दिवशी कामाला येतं. स्वासाँत ऐकलं की लगेच साठ लिहायचं नाही, पुढचा शब्द येईपर्यंत पेन उचलून ठेवायचं. सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचा, शेवटचे चार आकडे दोन जोड्यांत. ७८ ९४ असेल तर स्वासाँत दीज़ वीत, कात्र वॅँ कातोर्ज़. पुण्यात सिग्नलला जेवढं थांबावं लागतं तेवढ्यात महिन्याभरात आकडे पक्के होतील.

प्रश्न : कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) फ्रेंच शिकतेय. एका एजंटने सांगितलं तीन महिन्यांचा कोर्स आणि डेल्फ या फ्रेंच परीक्षेची ए-वन ही पहिली पातळी केली की काम होतं. खरं का? (ठाणे)

उत्तर : नाही. डेल्फ चांगलीच परीक्षा आहे, एकदा मिळालेलं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, शंभरपैकी पन्नास लागतात आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येकात पंचवीसपैकी किमान पाच. पण पीआरसाठी ज्यातून अर्ज करतात त्या कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीला डेल्फ चालतच नाही, तिथे टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा लागते, आणि त्यांचे निकाल दोनच वर्षं धरतात. फ्रेंचचे जे जास्तीचे गुण मिळतात ते चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ (कॅनडाची फ्रेंच मोजायची पट्टी) आलं तरच, म्हणजे साधारण बी-टू पातळी. ए-वन म्हणजे नाव, गाव, ऑर्डर देणं, पत्ता विचारणं. ए-वन पासून बी-टू हा बहुतेकांना दीड-दोन वर्षांचा नेटाचा अभ्यास असतो. पैसे भरायच्या आधी कॅनडा सरकारची साइट स्वतः वाचा.

प्रश्न : शब्द राहतच नाहीत लक्षात. रोज वीस लिहिते, आठवड्याने पाच उरतात. (वसई)

उत्तर : वसईतून विचारताय म्हणून तुमच्या गावापासूनच सुरुवात करू. १५३४ ते १७३९ तिथे पोर्तुगीज होते, आणि त्यांचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात कायमचे राहिले. पोर्तुगीज आणि फ्रेंच या दोघी लॅटिनच्या लेकी, त्यामुळे आपल्या घरातले कितीतरी शब्द फ्रेंच शब्दांचे मावसभाऊ लागतात. पाव आणि पॅँ. साबण आणि सावोँ. पगार आणि पेये (पैसे देणे). चावी आणि क्ले, हे दिसायला लांबचे पण मूळ एकच. पाद्री आणि पॅर (वडील). अननस तर दोन्हीकडे अननसच. बटाट्याला पातात म्हणतात बोलीत, नेहमीचा शब्द पोम द तॅर, जमिनीतलं सफरचंद. याशिवाय इंग्रजीतून आलेले फ्रेंच शब्द वेगळेच, रेस्तराँ, मेनू, कॅफे, गॅरेज, ब्लाउज. एक संध्याकाळ बसून असे शब्द शोधा, वहीची दोन पानं सहज भरतील, आणि हे विसरणं शक्यच नाही.

बाकीच्या शब्दांना वीसचा रतीब नको. पाच घ्या, अँ-युन सकट, प्रत्येकाचं तुमच्या घरातलं एक वाक्य करा आणि मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने मराठी शब्द झाकून नाही तर फ्रेंच शब्द झाकून स्वतःला विचारा. नुसतं पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं, झाकल्यावर खरं कळतं. आणि ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांपासून सावध, लिब्रेरी म्हणजे लायब्ररी नाही, पुस्तकांचं दुकान. ग्रंथालयाला बिब्लियोतेक. क्वॅँ हा शब्द नाण्यासारखा लिहितात पण अर्थ कोपरा.

प्रश्न : मी ६६ वर्षांची, साताऱ्याची. मुलाने फ्रान्समधल्या ल्योंची मुलगी केली, पुढच्या मे महिन्यात आम्ही जाणार आहोत. सूनबाई मराठी शिकतेय, पण व्याही-विहीणबाईंना फ्रेंचशिवाय काही येत नाही. सहा महिन्यांत चार शब्द बोलता येतील का? आणि त्यांना तू म्हणू की तुम्ही? (एक आजी)

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सहा महिने पुष्कळ झाले. व्याकरण बाजूला ठेवा, तुम्हाला वीस-पंचवीस वाक्यं लागतील, ती मात्र अशी म्हणा की समोरच्याला पहिल्यांदाच कळली पाहिजेत, म्हणजे नाशिकच्या ताईंना दिलेलं उत्तर तुम्हीही वाचा.

तू-तुम्ही तर तुम्हाला इंग्रजी शिकलेल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळेल. त्यांच्याकडे त्यु आणि वू आहे. अरे-तुरे करणे याला त्युत्वाये आणि अहो-जाहो करणे याला वूव्वाये अशी चक्क क्रियापदं आहेत! फरक एवढाच की आपल्याकडे आईला तू आणि वडिलांना बऱ्याच घरांत अहो असतं, तिकडे आई, बाबा, आजी, आजोबा सगळ्यांना त्यु. देवालाही त्युच म्हणतात, आपल्यासारखं. दुकानदार, शेजारी, डॉक्टर, अनोळखी माणूस वयाने लहान असला तरी वू. व्याह्यांना सुरुवातीला वू म्हणा, ते शोभतं. विहीणबाई मोकळ्या झाल्या की त्याच म्हणतील, ओँ पो स त्युत्वाये? म्हणजे आपण एकमेकींना अगं-तुगं करूया का. तुम्हाला हसून आवेक प्लेज़ीर म्हणायचंय, आनंदाने. नाहीच म्हणाल्या तर वूच ठेवा, त्यात परकेपणा नाही.

भेटल्यावर आधी बोँझूर, हे कधीच विसरायचं नाही. घरात, दुकानात, बसमध्ये चढतानासुद्धा. बोँझूर न म्हणता थेट कामाचं बोललं तर तिकडे ते उद्धट वाटतं, आपल्याकडे घरी आलेल्याला 'या, बसा' न म्हणण्यासारखं. मादाम, मस्यो जोडलंत तर उत्तम. लग्न न झालेल्या मुलींना मादम्वाज़ेल म्हणायची जुनी रीत आता मागे पडलीय, सरकारी फॉर्मांवरून तर तो शब्द २०१२ साली काढला, तेव्हा सगळ्यांना मादामच.

मग झ मापेल अमुक, माझं नाव अमुक. झ स्वी ला मामाँ द आणि पुढे मुलाचं नाव, मी याची आई. आँशाँते, भेटून आनंद झाला. भेटताना गालाला गाल लावायची पद्धत आहे, कुठे दोनदा कुठे जास्त, त्या करतील तसं करा, नमस्कार करावासा वाटला तर तोही करा, सुनेने सांगितलेलं असेल त्यांना. जेवताना से त्रॅ बोँ, फार छान झालंय. मॅर्सी बोकू. नको असेल तर नोँ मॅर्सी, नुसतं मॅर्सी म्हणून चालत नाही, कारण वाढताना नुसतं मॅर्सी म्हटलं तर हो की नको हे त्यांना कळत नाही. आणि पोट भरलं हे सांगायला 'मी भरले' असं शब्दशः करू नका, त्याचा अर्थ भलताच निघतो, से त्रॅ बोँ, नोँ मॅर्सी एवढं पुरे. कळलं नाही तर झ न कोँप्राँ पा. त्या भराभर बोलायला लागल्या की प्ल्यु लाँतमाँ, सील वू प्ले, जरा सावकाश बोला ना. हे वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल.

रोज रात्री मुलाच्या व्हिडिओ कॉलवर सुनेशी पाच मिनिटं फक्त फ्रेंच, आणि ती तुमच्याशी पाच मिनिटं फक्त मराठी. तिला ळ शिकवा, ती तुम्हाला त्यु शिकवेल. आणि जाताना डब्यात काय नेणार आहात त्याचं नाव तिच्याकडून फ्रेंचमध्ये विचारून ठेवा, विहीणबाई पहिला प्रश्न तोच विचारतील, से क्वा? हे काय आहे? लाडू असेल तर सरळ लाडूच सांगा, अँ लाडू, आणि हातावर ठेवा.